दिगूचा अंतरा

साउंडवाल्यावर कोणी गाणं लिहील असं मला कामाच्या तीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. आता लिहितात. अलीकडे तर तशी पद्धतच पडली आहे. कार्यक्रम संपत आला की गायक हात करून वादकांना थांबवतो आणि पडद्यामागच्या माणसांसाठी म्हणून एक गाणं म्हणतो. एका इंजिनियरिंग कॉलेजच्या जलशात पोरांच्या बँडने आमच्यावर म्हटलेल्या गाण्यात आम्ही भुतं होतो, कारण आम्ही काळे कपडे घालतो आणि कुणाला दिसत नाही. एक गझल गायक शेवटच्या शेरात साउंडवाल्याचं नाव गुंफत. आमच्या इंदूरला त्यांनी आदल्या दिवशीच्या गावातल्या माणसाचं नाव गुंफलं. टाळ्या पडल्या. मी मिक्सरमागे उभा राहून त्या माणसाच्या वतीने हात जोडले.

संपादकांनी माझ्याकडे असेच किस्से मागितले होते. दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं लिहा, असं म्हणाले. किस्से आहेत माझ्याकडे. एक कवयित्री कार्यक्रमाआधी मिक्सरपाशी येऊन हळूच सांगायच्या, "आवाज जरा पस्तिशीतला करून द्या हो." मी एक बटण फिरवल्यासारखं करायचो आणि त्या समाधानाने मंचावर जायच्या. पण लिहायला बसलो आणि चार दिवसांत एक पानही झालं नाही. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली आहे. दिगंबर, आमचा दिगू, गेल्या वर्षी दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात विजेचा धक्का बसून गेला. तो वीज सांभाळायचा. आपली जागा सोडून मंचावर गेला आणि स्वतःच्याच चुकीने मेला, असं सगळे मानतात. कार्यक्रम करणाऱ्या मंडळाच्या इतिवृत्तात तसं लिहिलेलं आहे. त्याच्या बायकोलाही तसंच वाटत होतं. तो तिथे कसा गेला हे मला एकट्याला माहीत होतं, आणि मी दहा महिने गप्प होतो.

बाहेरच्या माणसाला आमचं काम दोन वाक्यांत सांगता येतं. मंचावरचा प्रत्येक माइक तारेने माझ्या मिक्सरपर्यंत येतो, मी फेडर नावाच्या पट्ट्या सरकवून त्यातून कुणाला वर काढतो, कुणाला खाली ठेवतो, आणि ते मिश्रण स्पीकरला जातं. या सगळ्याला लागणारी वीज एका लोखंडी पेटीतून येते. तिला आम्ही बोर्ड म्हणतो. बोर्डाशी दिगू उभा असे.

त्याचे वडील इथल्या एका मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. मिल बंद पडली आणि वडिलांचा पाना-पक्कडचा डबा दिगूकडे आला. त्याची मराठी आमच्या गावाची, म्हणजे निम्मी हिंदी, भैयाला भिया म्हणणारी. मी काही वर्षं शाळेत शिकवलं होतं आणि मिक्सरच्या पेटीत एखादं पुस्तक ठेवायचो, म्हणून तो मला मास्तर म्हणे.

"क्या है ना मास्तर," तो म्हणायचा, "तुम्ही एवढं वाचता, मी फक्त मीटर वाचतो. पण पब्लिक तुम्हालाच विचारते, आवाज का नाही येत. मला विचारतात, चहा कुठे मिळेल."

"तुझ्या शर्टाला डाग असतात म्हणून."

"नाही भिया, माझा चेहराच चहावाल्याचा आहे."

तो कधी घाई करत नसे. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक तार हातातून सोडत सबंध मैदानाला एक फेरी मारायचा. जाड रबरी तळाचे बूट घातल्याशिवाय त्याला कामावर कुणी पाहिलेलं नाही. आणि एकदा कार्यक्रम सुरू झाला की तो बोर्डापासून हात लांबवण्याइतक्या अंतराच्या पलीकडे जात नसे. चहासुद्धा तिथेच उभ्याने.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगताना मला बरं वाटत नाही, पण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. बोर्डात एक सुरक्षेचा खटका असतो. वीज भलत्या वाटेने, म्हणजे कुणाच्या अंगातून, जायला लागली की तो क्षणात पडतो आणि सगळं बंद होतं. खटका चांगला आहे, पण त्याला दव सोसत नाही. पहाटेच्या उघड्या मैदानात जोडांना ओल लागली की तो उगाच पडतो. अगोदरच्या एका दिवाळीला तो तीनदा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा गायिका तान घेत होती. मंडळाचे लोक दिगूवर भडकले. पुढल्या वेळी दुसरा माणूस बघू, म्हणाले. त्यावर अशा कार्यक्रमांत जे करतात तेच त्याने केलं. खटका वगळून तारा जोडायच्या आणि त्याच्या जागी माणूस उभा करायचा. माणसाने लक्ष ठेवायचं आणि काही झालं की हाताने मुख्य स्विच पाडायचा.

"ठीक आहे, वगळतो," दिगू मंडळाला म्हणाला होता. "पण मग मी तिथून हलणार नाही. मुतायला जाणार नाही मैं."

लोक हसले. तो हसला नव्हता. खटक्याचं काम आता तो करणार होता.

आता गाण्याकडे येतो. पहाटेच्या कार्यक्रमाचे गायक मंदारजी पुण्याचे, नोकरीनिमित्त इंदूरला आलेले. गळा चांगला आणि माणूस मनाने उत्तम. त्यांना आमच्याबद्दल खरोखर आस्था होती. कार्यक्रमाच्या शेवटी सूत्रसंचालक घाईघाईत ऋणनिर्देश वाचतो आणि तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात, हे त्यांना खुपायचं. म्हणून त्यांनी ऋणनिर्देशाचंच गाणं केलं.

*उजेड ज्यांनी आम्हा दिधला, अंधारी जे उभे सदा,*
*नाव तयांचे घेऊ आता ओठांवरती एकदा.*

त्यापुढे तीन अंतरे. पहिल्यात मी, दुसऱ्यात मंडपवाला, तिसऱ्यात दिगू. चाल भूपाच्या अंगाने जाणारी, सोपी, दुसऱ्या वेळेला लोक बरोबर म्हणू लागतील अशी. तालमीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हेडफोन काढून डोळे पुसावे लागले, हे लपवत नाही. आयुष्यभर आपण दुसऱ्यांचे आवाज पोचवतो, आणि एक दिवस त्या आवाजात आपलं नाव येतं. या गोष्टीची भूक मला इतकी होती हे मला तोवर माहीत नव्हतं.

मंदारजींची इच्छा होती की गाणं सुरू झालं की आम्हा तिघांना मंचावर घ्यायचं. मला वगळावं लागलं, कारण मी मिक्सर सोडला तर गाणंच बिघडेल, हे सगळ्यांना कळत होतं. दिगूच्या बाबतीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. साउंडवाला जागेवर नसला की लगेच ऐकू येतं. बोर्डाशी माणूस नसला तर काहीच ऐकू येत नाही.

मंदारजी मला म्हणाले, "मास्तर, दिगूभिया लाजेल. तुम्ही आणा त्याला वर. तुमचं ऐकतो तो."

"आणतो," मी म्हणालो.

त्या पहाटे राजेंद्र नगरकडचं मैदान होतं. साडेपाचला कार्यक्रम सुरू झाला, आठच्या सुमारास शेवटाकडे आला. ऊन वर आलं होतं, पण मंचावरचं जाजम अजून ओलं होतं. गवतावर दव तसंच. मागे पोह्यांच्या कढया लागल्या होत्या आणि वास सुटला होता. सगळं फार छान चाललं होतं. दिगूच्या आणि माझ्या कानांना माइकवाले हेडफोन असायचे, त्यावर आम्ही बोलायचो. मंदारजींनी ऋणनिर्देशाची प्रस्तावना सुरू केली आणि मी बटण दाबलं.

"दिगू, जा वर."

"नको मास्तर. बोर्ड सोडून नाही येत."

"अरे, तुझा अंतरा आहे. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटं इथे कोण उभं राहणार? उसको बायपास किया है ना मैंने."

"मी बघतो इथून."

"तुम्ही बघता? पक्का?"

"पक्का. जा आता, शोभा नको करू."

मिक्सरपासून बोर्ड दिसत नव्हता. मध्ये जनरेटरची गाडी उभी होती. मला ते ठाऊक होतं. 'मी बघतो' हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, दूध उतू जाईल म्हणून, कुणाची पिशवी राहील म्हणून, आणि म्हणताना बघण्याचा विचारही केलेला नसतो. मी तसंच म्हणालो. मला त्याचं नाव त्याच्यासमोर गायलेलं ऐकायचं होतं. खरं सांगायचं तर त्याच्या निमित्ताने मला मंचावर जायचं होतं.

तो पायऱ्यांशी आला. मंचावर आपण पायताण घालून चढत नाही. त्याने रबरी बूट काढले, पायरीला लावून नीट ठेवले, पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि अनवाणी वर गेला. त्याला गायकांच्या गादीवर बसवायला हवं होतं, पण तो मागे, पडद्याच्या लोखंडी पाइपाशी जाऊन उभा राहिला. त्या पाइपावर पहाटे मंडपवाल्याने दिव्यांची माळ थोडी सरकवली होती. दिगूची फेरी झाल्यानंतर सरकवली. सरकवताना तार पाइपाच्या पकडीत चेपली गेली आणि पाइपात वीज उतरली. गायक अडीच तास गाद्यांवर बसून होते, पाइपाला कुणाचाही हात लागला नव्हता. हे सगळं नंतर कळलं.

तिसरा अंतरा झाला. त्याचं नाव आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मंदारजींनी आपला माइक त्याच्यापुढे केला. "दिगूभिया, दोन शब्द."

लाजणारा माणूस काहीतरी धरतो. त्याने डाव्या हाताने पाइप धरला आणि उजव्या हातात माइक घेतला.

माइकचं धातूचं अंग माझ्या केबलमधून मिक्सरला आणि मिक्सरमधून जमिनीला जोडलेलं असतं. ते तसंच असावं लागतं. पाइपातली वीज त्याच्यातून माझ्या केबलमध्ये आली. स्पीकरमधून एक जाड घरघर उठली.

आणि मी फेडर खाली ओढला. घरघर आली की आवाज कमी करायचा, हे माझ्या बोटांना तीस वर्षं माहीत आहे. बोटांनी ते माझ्याआधी केलं. घरघर थांबली. मैदानात शांतता झाली, आणि लोकांना वाटलं, भावनेने त्याला बोलता येत नाही. काही जणांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. घरघर चालू राहिली असती तर कदाचित कुणीतरी ओरडलं असतं. दोन-तीन श्वासांनंतर मला त्याचा चेहरा दिसला आणि मी पळालो. जनरेटरच्या गाडीला वळसा घालून बोर्डाशी पोचलो. तिथे कुणी नव्हतं. मी स्विच पाडला.

दवाखान्यात नेलं, पण नेण्यापुरतंच.

पुढे जी विचारपूस झाली तिच्यात मला एकच प्रश्न आला. तो वर का गेला? मी म्हणालो, "मंचावर बोलावलं होतं, गेला." यात एकही शब्द खोटा नव्हता. मंडळाने लिहिलं, 'विद्युत व्यवस्थेवरील व्यक्ती कामाची जागा सोडून मंचावर आली.' मंडपवाल्याला तेवढं पुरलं. मंडळालाही पुरलं. मलाही.

दिगूच्या बायकोचं नाव शालिनी. मी त्यांना वहिनी म्हणतो. अन्नपूर्णा मंदिराजवळच्या एका शाळेत त्या ऑफिसात आहेत. मी दर पंधरवड्याला जायचो, काही लागलं सवरलं विचारायला. त्यांनी दिगूचा फोटो फ्रेम करून आणला होता, पण लावला नव्हता. कपाटावर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"घरात ओल्या हाताने बटणाला हात लावला तर चार दिवस बोलायचे नाहीत," त्या एकदा म्हणाल्या. "आणि स्वतः काय केलं? गाण्यात नाव येतंय म्हणून पळत गेले. एका ओळीसाठी. मी एवढी पण नव्हते का त्यांना?"

मी चहा प्यालो. तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी." त्यानंतर दर वेळी तेच म्हणत राहिलो. कार्यक्रमांची कामं मी सोडली होती. पुस्तक उघडलं तरी एक पान तासभर पुरायचं.

गणपतीच्या दिवसांत मंदारजींनी मोबाइलवर चौथा अंतरा पाठवला. या दिवाळीला दिगूच्या स्मरणार्थ तो गायचा होता. वहिनींना पहिल्या रांगेत बसवायचं होतं. त्यांना जाऊन विचारलंही होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. अंतऱ्याची पहिली ओळ अशी होती.

*ओढ सुरांची लागुन गेली, दिवे सोडुनी आला तो.*

ओळ चांगली आहे. तीच तर अडचण होती. इतिवृत्त कुणी वाचत नाही. गाणं पाठ होतं. पुढच्या प्रत्येक दिवाळीला चारशे माणसं एका सुरात म्हणणार होती की दिगू दिवे सोडून आला, आणि वहिनींना ते समोर बसून ऐकायचं होतं.

मी मंदारजींच्या घरी गेलो आणि हेडफोनवरचं बोलणं त्यांना शब्दशः सांगितलं.

"मीच तुम्हाला सांगितलं होतं त्याला आणायला," ते म्हणाले.

"तुम्ही आणायला सांगितलंत. तो नाही म्हणाला. मी खोटं बोलून पाठवला."

"आता हे कशाला काढता, मास्तर? लोकांच्या मनात त्याच्याबद्दल प्रेमच आहे."

"ओळ खोटी आहे."

त्यांनी बाजाची पेटी पुढे ओढली. मला वाटलं, ती बंद करतील. त्यांनी सूर धरला आणि हळूच म्हणून पाहिलं. "*हाक कुणाची आली म्हणुनी, दिवे सोडुनी आला तो.* हे चालेल का? मात्रा बसतात."

मात्रा बसत होत्या. मी त्यांना दोष देत नाही. घरघर आली तेव्हा माझ्या बोटांनी जे केलं तेच त्यांच्या बोटांनी केलं. मी म्हणालो, हा अंतराच गाऊ नका. ते म्हणाले, "मग दिगूचं नावच घ्यायचं नाही? विसरून जायचं त्याला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींकडे गेलो. लॅपटॉप घेऊन गेलो. प्रत्येक कार्यक्रमाचं मी चॅनलवार, म्हणजे प्रत्येक तारेचं वेगळं, रेकॉर्डिंग ठेवतो, आणि दिगूचा हेडफोन मिक्सरच्या एका रिकाम्या चॅनलवर असे. ते बोलणं जसंच्या तसं माझ्याकडे होतं.

मी म्हणालो, "वहिनी, दिगू जागा सोडून गेला नाही. ऐका."

त्यांनी हेडफोन कानाला लावले. अर्ध्या मिनिटाचं बोलणं आहे. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. 'नको मास्तर' कुठे आलं ते मला चेहऱ्यावरून कळलं. दहा महिन्यांत त्यांनी त्याचा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच लावलं.

मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"हे कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी रोज त्यांच्याशी भांडत होते," त्या म्हणाल्या. "रोज. स्वयंपाक करताना, शाळेत जाताना. शिव्या दिल्या मी त्यांना. तुमच्यासमोर दिल्या."

"हो."

"तुम्ही चहा घेत होता."

"हो."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की यंदा पहाटेला बोर्डाशी कोण उभं राहणार आहे. मला माहीत नव्हतं. "ते विचारा मंडळाला," त्या म्हणाल्या. "गाणं काय गायचं ते गा. मी येणार नाही."

मी मंडळाला विचारलं. ठरायचं आहे, असं कळलं. अंतरा मात्र ठरला आहे.

त्या दुपारी निघताना मी वहिनींना सांगितलं की हे सगळं मी दिवाळी अंकात लिहिणार आहे, त्याचं नाव स्वच्छ व्हावं म्हणून, आणि त्याला त्यांची हरकत आहे का, असं विचारलं. त्या दारापर्यंत आल्या होत्या. कडीवर हात होता.

"लिहा," त्या म्हणाल्या. "सगळं लिहा. फक्त शेवटी मी तुम्हाला माफ केलं, असं काही लिहू नका."

लिहिलेलं नाही.